भिंतीआडची मोटार

हैबतअण्णांसमोर ‘बिघडलं’ म्हणायची सोय नव्हती. कुणी बंद घड्याळ घेऊन आलं आणि म्हणालं, “अण्णा, बिघडलंय बघा,” की ते भुवई वर करून म्हणत, “बिघडलं न्हाई. बसलंय. उठंल.” घड्याळ बसतं, मोटार बसते, रहाटाचं चाक बसतं, माणसाचं नशीबसुद्धा बसतं, आणि बसलेलं सगळं उठतं, फक्त उठवणाऱ्याला दम पाहिजे, असा त्यांचा हिशेब. एवढा दम धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि एवढा हट्टीही पाहिला नाही. दम आणि हट्ट ही एकाच झाडाची फळं की काय, देव जाणे.

आमच्या ह्यांची मुळशीकडच्या माले गावच्या शाळेत बदली झाली तेव्हा स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली होती. मी पुण्यात नळाचं पाणी पिऊन वाढलेली. पौडाच्या पुढं माणसं राहतात हेच मला नवीन होतं. अण्णांच्या घराची माडी आम्हाला भाड्यानं मिळाली. माडीला एकच खिडकी, आणि ती नेमकी एका दगडी भिंतीच्या डोक्यावर उघडत होती. भिंतीच्या अलीकडं अण्णांचं परसू आणि पडवी, पलीकडं त्यांच्या धाकट्या भावाचं, रंगनाथचं अंगण आणि रस्त्यावरचा दिंडी दरवाजा. म्हणजे खिडकीत उभं राहिलं की दोघांचेही संसार दिसायचे. मला चोरून बघायची हौस नव्हती हो, पण खिडकीला दुसरं काही दाखवताच येत नव्हतं.

पहिल्याच सकाळी मी खाली पाहिलं आणि ओरडलेच. पडवीत मोटार! हिरवी, उघड्या टपाची, पितळी दिव्यांची विलायती मोटार, चार दगडांवर उभी, चाकांशिवाय. तीन बाजूंनी घर आणि चौथ्या बाजूला ती भिंत. मागं एक बोळ होता, त्यातनं म्हैस जायची ती अंग चोरून. मी ह्यांना विचारलं, “अहो, ही आत आली कशी आणि बाहेर जाणार कशी?”

हे दाढी करत होते. म्हणाले, “आली कशी ते गावाला विचार. जाणार कशी ते कोर्टाला.”

गावाला विचारायची गरज पडली नाही. अण्णांच्या बायकोनं, पारूवहिनींनीच ज्वारी निवडता निवडता मला सगळं सांगितलं. अण्णांनी उभी उमर पुण्याच्या लष्करात, म्हणजे कॅम्पात, एका पारशी साहेबाकडं काढली. कामाला लागले ड्रायव्हर म्हणून, पण साहेबाला दोन वेडं होती, जुन्या मोटारी आणि जुनी घड्याळं, आणि बंगल्यामागच्या कारखान्यात साहेब स्वतः बाह्या सरसावून बसायचा. त्याच्या शेजारी बसून अण्णा दोन्ही शिकले. पारूवहिनी मात्र लग्न झाल्यापासून मालेलाच, सासूसासऱ्यांपाशी. अण्णा महिन्यातनं एकदा यायचे, लष्करातल्या दिव्यांच्या, बँडच्या, बेकरीतल्या पावाच्या गोष्टी सांगायचे आणि सकाळी निघून जायचे. पुढं साहेब वारला. त्याची बाई मुलीकडं विलायतेला निघाली तेव्हा म्हणाली, “हैबत, ही मोडकी मोटार तू घेऊन जा, नाही तर भंगारवाला नेईल.” त्याच सुमाराला अण्णांचे वडीलही गेले. कूळकायद्याचं वारं होतं. जमिनीवर जो हजर नाही त्याचं नाव उताऱ्यावरनं जातं, अशी दहशत घरोघर बसली होती. म्हणून अण्णा गावी आले. “पंधरा दिसांसाटी आलो आन् हितंच घावलो,” असं ते सांगत.

मोटार आणायला रंगनाथ स्वतः बैलं घेऊन लष्करात गेला होता. तेव्हा भावाभावांत दुधात साखर. इंजिन सुटं करून गोणत्यात भरलेलं, मोटारीला पुढं बैलजोडी जुंपलेली, कासरा रंगनाथच्या हातात आणि अण्णा ड्रायव्हरची काळी टोपी घालून चाक धरून बसलेले. कोथरूड, बावधन, भूगाव, पिरंगुट करत वरात निघाली. गाव आलं की अण्णा रबरी भोंगा वाजवायचे आणि लोक हसून मरायचे. “हैबतराव, पेट्रोल कुटलं घालता, कडब्याचं का?” पण अण्णा हसले नाहीत. घरी आल्यावर पारूवहिनींना एवढंच म्हणाले, “बसलीया. उठली की पयली फेरी लष्कर. तू मागं बसायचं, मालकिनीवानी.”

झालं, त्या एका वाक्यावर ती बाई पुढची सगळी वर्षं बसून राहिली. मी पुण्याला माहेरी निघाले की दर वेळी म्हणायची, “पारूवहिनी, चला माझ्याबरोबर, एस. टी. दारात येते. लष्कर काय, सारसबाग काय, सगळं दाखवते.” त्यांचं उत्तर ठरलेलं. “यष्टीनं न्हाई. मोटारीनंच जानार. मी यष्टीनं गेली तर मग त्यांनी मोटार कुनासाटी उठवायची?” आता ह्याला काय म्हणावं? मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायची.

पडवीच्या एका टोकाला मोटार, तर दुसऱ्या टोकाला अण्णांचा चौरंग. तिथं घड्याळं उघडली जात. काशाच्या ताटात पांढरं फडकं, फडक्यावर घड्याळाची आतडी, आणि प्रत्येक बारीक चाकावर देवघरातली एकेक वाटी उपडी. डोळ्याला भिंग, हातात कोंबडीचं पीस. पिसाच्या टोकानं ते तेलाचा असा थेंब सोडत की तो थेंब होता की नुसता भास, ते कळायचं नाही. ताट उघडं असेतो घरात मिरची कुटायची नाही, जोरात चालायचं नाही, आणि शिंकायचं तर बोळात जाऊन शिंकायचं. एकदा मी वर फोडणी टाकली. खालनं आधी शिंक आली आणि मागनं आरोळी, “मास्तरीणबाई, फोडनी!” एका जुन्या खिशातल्या घड्याळाची केसासारखी कमान उडाली होती. मग पारूवहिनींनी आणि मी आख्ख्या पडवीची धूळ झाडून गोळा केली आणि पिठाच्या चाळणीनं चाळली. कमान सापडली, पण अण्णा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुमच्या आमटीला वास झ्याक हुता, त्ये सांगायचं राह्यलं.”

घड्याळं कुठनं कुठनं यायची. मुळशी धरणावरच्या साहेबांची टेबलावरची, शाळांतली, आणि सगळ्यांत जास्त जावयांची. त्या वेळी लग्नात जावयाला मनगटी घड्याळ द्यायची नवी टूम निघाली होती. असाच एक जावई एकदा तणतणत आला. सासऱ्यानं खोटं घड्याळ दिलं, ते चालू होईतो बायकोला नांदवणार नाही, असं त्यानं सासुरवाडीत जाहीर करून टाकलं होतं. पोरगी बिचारी बोळाच्या तोंडाशी डोक्यावर गाठोडं घेऊन उभी. अण्णांनी झाकण उघडलं, आत भाताच्या खाचरातला चिखल वाळून घट्ट झालेला. ह्या पठ्ठ्यानं घड्याळ मिरवायला म्हणून लावणीतही हातात ठेवलं होतं! अण्णांनी भिंग काढलं, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “घड्याळ बसलंय, त्ये कळलं. तुमी कशापायी बसलाय? उठा. बायकूला घिऊन जावा. घड्याळ मागनं यील.” जावई गप उठला. पारूवहिनी त्या पोरीच्या ओटीत तांदूळ घालताना हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

आता भिंतीचं सांगते. ते सांगताना मला आजही संताप येतो.

वडिलांमागं पंचांनी वाटणी केली, त्यात पडवी अण्णांकडं आणि अंगण रंगनाथकडं गेलं. पण ते बोलण्यापुरतं, वापर सगळा एकत्रच होता. मोटारीला चाकं चढवून अण्णांनी ती एकदा धुवायला म्हणून अंगणात काढली. उन्हाळ्याचे दिवस. रंगनाथच्या बायकोनं अंगणभर तांदळाचे पापड आणि कुरडया वाळत घातलेल्या. चाकाखालचा दगड निसटला आणि मोटार डौलात त्या सगळ्यावरनं फिरली. वर्षाची बेगमी मातीत! ती बाई रडायला लागली. आणि आमचे अण्णा, घड्याळातल्या केसाएवढ्या कमानीला जपणारे, भावजयीला काय म्हणाले असतील? “पापडच हायेत. उद्या फिरून लाटा.”

पारूवहिनी म्हणायच्या, “येवढं एक वाक्य गिळलं असतं ना मास्तरीणबाई, तर भिंत झाली नसती.”

रंगनाथनं दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. पाया खणलेला बघून अण्णा तडक पुण्याला वकिलाकडं. भिंत थांबवा, मनाई हुकूम आणा. वकील म्हणाला, आज या, उद्या या, अर्जात जमिनीचीही भांडणं घालू, म्हणजे एकदाच काय ते होईल. अण्णा पुण्यात वकिलाच्या ओट्यावर बसलेले आणि इकडं गवंडी भराभर दगडावर दगड चढवतोय. शेवटी हुकूम मिळाला. कोर्टाचा माणूस घेऊन अण्णा छाती काढून गावात शिरले, तर भिंत पुरी होऊन तिच्यावर कावळा बसलेला. कोर्टाच्या माणसानं भिंत मोजली आणि चारचौघांत हुकूम वाचला. निकाल लागेतो दोन्ही बाजूंनी सगळं जैसे थे ठेवावं, कुणीही काही बांधू नये आणि कुणीही काही पाडू नये.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! स्वतःच्या पायानं जाऊन, स्वतःच्या खर्चानं, अण्णांनी स्वतःच्याच मोटारीला कुलूप घालून आणलं होतं. रंगनाथला भिंत पाडावीशी वाटली असती तरी आता पाडता येत नव्हती. अण्णांनी चाकं काढली, टायरांना खडूची भुकटी चोळली आणि आढ्याला टांगली. “केस बसलीया,” म्हणाले. “उठंल.”

आम्ही मालेला राहायला गेलो ते ह्यानंतर. त्यामुळं मोटार उठली तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला. अण्णा इंजिनाचा एकेक तुकडा घड्याळासारखा पुसून, घासून बसवत होते. नसलेलं सामान घरी करायचे. एक चाकी गावच्या लोहाराकडनं ठोकून घेतली, क्लचला लागणारं चामडं चांभाराकडनं कापून आणलं आणि एरंडेलात भिजवून ठेवलं. एका बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी पुढचा दांडा घालून फिरवला. एकदा, दोनदा, कितीदा तरी. आणि एकदम असा काही आवाज झाला की कोंबड्या माळ्यावर आणि आमचं दूध सांडून चुलीत! सगळं गाव बोळात चेंगरलं. मी खिडकीतनं बघते तर भिंतीपलीकडं रंगनाथ. त्यानं तळहात भिंतीवर टेकवला होता. दगडातनं थरथर लागत असावी. तो तसाच कितीतरी वेळ उभा होता.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी फेरी. होय, फेरीच. पारूवहिनी न्हाऊन हिरवं लुगडं नेसायच्या, नथ घालायच्या. अण्णा खुंटीवरची काळी टोपी चढवायचे. घरात त्यांची हाक म्हणजे “अगं ए”, पण मोटारीपाशी आले की मागचं दार उघडून अदबीनं म्हणायचे, “बसा मालकीन. कुटं जायाचं?”

“लष्करात,” पारूवहिनी सांगायच्या. पहिल्या वेळी त्या पुढं बसायला गेल्या होत्या, तर अण्णा म्हणाले होते, “म्होरं ड्रायव्हर बसतो. मालकीन मागं.”

मग इंजिन धडधडायचं, मोटार दगडांवर जागच्या जागी हलायची आणि अण्णा मान मागं न वळवता सांगत राहायचे, “पौड आलं... आता पिरंगुटाचा घाट, धरून बसा... ह्यो भूगावचा तलाव, डाव्या अंगाला... बावधन... आलं बगा कोथरूड.” पारूवहिनी खरंच डावीकडं बघायच्या! समोर दगडी भिंत, आणि ही बाई तलाव बघतेय. थोड्या वेळानं इंजिन बंद व्हायचं. अण्णा दार उघडून म्हणायचे, “उतरा मालकीन.” की लगेच पारूवहिनी पदर खोचून म्हशीकडं. गावातली माणसं टिंगल करायची. “अण्णा निगालं वाटतं? पोचल्यावर कागुद टाका म्हनावं!” मीही पहिल्या वेळी तोंडात पदर कोंबून हसले. पुढं मात्र हसू येईना.

आणि एक गोष्ट फक्त मला दिसायची, कारण खिडकी माझी होती. इंजिन सुरू झालं की पलीकडं रंगनाथ हातातलं काम टाकून यायचा आणि भिंतीला पाठ लावून बसायचा. तंबाखू मळायचा, पण खायचा नाही. आवाज बंद झाला की उठून जायचा. एकदा अण्णांना ताप होता, फेरी झाली नाही, तर त्यानं मला अंगणातनं विचारलं, “मास्तरीणबाई, आज मोटार गप का?”

“तुमच्या भावाला ताप आहे. जाऊन विचारा की!”

“मी न्हाई जानार,” तो म्हणाला आणि संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी काढ्याचा पाला ठेवून गेला.

मी ठरवलं, आता आपणच मध्ये पडायचं. रंगनाथला छेडलं तर म्हणाला, “त्यास्नी सांगा, अर्ज मागं घ्या. भिंत मी पाडतो.” अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “त्यानं भिंत पाडावी. अर्ज मी मागं घेतो.” आधी कोण? तिथंच घोडं पेंड खायचं. शिवाय दोघांच्या वकिलांनी दोघांच्या कानात भरून ठेवलेलं, की हात लावाल तर केस जाईल आणि केसबरोबर उताऱ्यावरचं नावही जाईल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! दोघांच्याही कानाखाली एकेक द्यावी असं मला वाटायचं. मी पारूवहिनींना म्हणाले, “तुम्ही का नाही बोलत? तुमचंच अडलंय ना?” त्या म्हणाल्या, “अडलंय तर खरं. पर बोलले तर त्येंची मान खाली जाईल. मोटार भायेर काडायची आन् मान खाली घालून काडायची, ह्यात काय ग्वाड?”

अशी वर्षं गेली. तारखा पडत राहिल्या. अण्णांची पाठ वाकली आणि पारूवहिनींना दम लागायला लागला.

एके पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या पायांवर सूज आली ती उतरेचना. रात्री उशाला टेकून बसायच्या. पौडाचे डॉक्टर येऊन बघून गेले. अंगात पाणी झालंय, हृदय दमलंय, पुण्याच्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका, म्हणाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “तसा उशीर झालेलाच आहे.” मी ते कुणाला सांगितलं नाही, पण पारूवहिनींना सांगायला कशाला हवं होतं? त्यांना कळलं होतं. अण्णा म्हणाले, “अगं, सकाळच्या यष्टीनं जाऊ.” सकाळी मी खाली गेले तर पारूवहिनी हिरवं लुगडं नेसून, नथ घालून, मोटारीच्या पायरीला टेकून बसलेल्या.

अण्णा पडवीत उभे होते. एकदा बायकोकडं बघत, एकदा भिंतीकडं. मग भिंतीजवळ गेले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला त्या भिंतीशी बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी हाक मारली, “रंगू.”

मग अण्णांनी तळहात भिंतीवर टेकवला.

“रंगू, पापडाचं चुकलं माझं.”

पलीकडं काहीतरी खणकन वाजलं. रंगनाथनं पहार आणली होती. बहुतेक ती आधीच हातात होती, कारण हाक संपते न संपते तोच पहिला घाव बसला. इकडनं अण्णांनी टिकाव घेतला. कोर्ट राहिलं, वकील राहिले, उतारा राहिला. रंगनाथची बायको घमेल्यानं दगड उचलत होती, आमचे हे धोतर खोचून चाकं चढवत होते. मी खिडकीत उभी राहून रडत होते आणि ओरडत होते, “पाडा! पाडा मेलीला!” मास्तरणीला शोभेसं नव्हतं, पण मला काही वाटलं नाही.

दगड दूर झाले. इंजिन धडधडलं. काळी टोपी घातलेल्या अण्णांनी मागचं दार उघडलं. “बसा मालकीन. कुटं जायाचं?”

“लष्करात,” पारूवहिनी म्हणाल्या. आवाज पुरत नव्हता, पण तोरा तोच होता.

आणि मोटार हलली! खरीखुरी हलली. अंगणातनं, दिंडी दरवाजातनं, रस्त्यावर. गाव मागं धावलं, मीही धावले. गावाबाहेर एक चढ आहे. अर्ध्या चढावर इंजिन जोरजोरात ओरडायला लागलं, पण चाकं काही जुमानेनात. जळक्या चामड्याचा वास सुटला आणि मोटार उभी राहिली. अण्णा उतरले, खाली वाकून बघितलं आणि तसेच बसले. मोटार चाकांशिवाय दगडांवर उभी होती तोवर क्लचला ओझं कधी पडलंच नव्हतं. उठवलेली मोटार कशी चालते हे चालवल्याशिवाय कळत नाही, आणि चालवायला त्यांना एक पाऊलभर जागा कुणी दिली नव्हती. पहिल्याच ओझ्याला चामडं जळून गेलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ‘बसलीया’ हा शब्द त्यांच्या तोंडातनं निघेना.

तेवढ्यात मागनं मुळशीकडनं एस. टी. आली. आमच्या ह्यांनी आडवं होऊन ती थांबवली. मी म्हणाले, “पारूवहिनी, पुरे झालं आता, उतरा.” अण्णाही म्हणाले, “उतर पारू. यष्टीत बस.” त्यांनी बायकोला चारचौघांत नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

पारूवहिनींनी दार घट्ट धरलं. “मालकीन अर्ध्या वाटंत उतरत न्हाई,” म्हणाल्या. “पौडापत्तूर मोटारीनं. मग यष्टी.”

“मोटार चालत न्हाई, पारू.”

“आली तशी जाईल की,” म्हणाल्या आणि त्यांनी रंगनाथकडं बघितलं.

रंगनाथ पळत गेला तो बैलं घेऊनच आला. तीच जोडी नव्हे, ती केव्हाच गेली होती. पण कासरा धरणारा तोच आणि चाक धरणाराही तोच. एस. टी. पुढं निघून गेली. आमचे हे तिच्यात बसून पौडाला गेले, तिथं दुसऱ्या गाडीची सोय करायला. मी मोटारीबरोबर थोडं अंतर चालले. अण्णा टोपी सारखी करून बसले होते, रंगनाथ कासरा धरून पुढं, आणि मागं पारूवहिनी ताठ, एक हात दारावर. भाताच्या खाचरांत पिवळं पीक उभं होतं. बायका कापणी थांबवून बघत होत्या आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही. अण्णांनी भोंगा वाजवला. “चढ सरला, मालकीन,” ते म्हणाले. “आता पौड.” पारूवहिनी एकदा डावीकडं बघत होत्या, एकदा उजवीकडं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “मास्तरीणबाई, जावा आता, चुलीवर दूध असंल.” मी थांबले, मोटार वळणाआड गेली.

पौडाहून त्या दुसऱ्या गाडीनं पुण्याला पोचल्या. दवाखान्यातच आठवड्याभरात गेल्या. लष्कर त्यांनी पाहिलं नाही.

दिवस घालून दोघं भाऊ परत आले आणि मागोमाग वकिलांची माणसं आली. तारीख जवळ आली होती, कोर्टाचा माणूस पाहणी करायला येणार होता. भिंत पाडलेली दिसली तर दोघंही अडकतील, जमीन तिसऱ्याच्याच घशात जाईल. मी म्हणाले, “जाऊ दे ना मेली जमीन!” माझं कोण ऐकतो? माझं काय, माझी एक गुंठाही जमीन नव्हती. मोटार पौडाहून तशीच बैलांनी ओढत आणली. आधी ती पडवीत घातली, चाकं काढून दगडांवर चढवली. मग दोघा भावांनी मिळून भिंत पुन्हा बांधली. रंगनाथ दगड द्यायचा, अण्णा लावायचे. जुना दगड जुन्या जागी, एक इंच इकडं नाही की तिकडं नाही. मी खिडकी लावून घेतली.

थोड्याच दिवसांत ह्यांची सूसच्या शाळेत बदली झाली. निघायच्या दिवशी बाजार होता. सामान खाली गेलं होतं, मी विसरलेलं काही बघायला माडीवर आले आणि खालनं आवाज आला. इंजिन! मी खिडकी उघडली. भिंतीपलीकडं रंगनाथची नेहमीची जागा रिकामी. मला वाटलं, गेला असेल शेतावर.

तो अलीकडं होता. बोळातनं वळसा घालून आला होता आणि मोटारीत अण्णांच्या शेजारी पुढं बसला होता, तंबाखूची चंची मांडीवर घेऊन. मागची बैठक रिकामी. मागचं दार अण्णांनी नेमानं उघडून परत लावलं असावं, कारण त्याच्या पितळी मुठीवरची धूळ ताजी पुसलेली दिसत होती. मोटार दगडांवर थरथरत होती. समोर भिंत होती.

अण्णांनी मान न वळवता मागं विचारलं, “कुटं जायाचं, मालकीन?”

इंजिन तेवढं चालू राहिलं. मग रंगनाथनं समोरच्या भिंतीकडं बघत सांगितलं, “पौडापत्तूर.”